आईचे पाय आणि यंदाची वारी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मोठं लिहितोय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

आई ६३ वर्षांची, मधुमेह १४ वर्षं. माऊलींच्या पालखीबरोबर तिची गेल्या वर्षी नववी वारी झाली. तरडगावहून फलटणला येताना तिच्या उजव्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार वर आला आणि ती त्याच्यावर दिवसभर चालली. रात्री मुक्कामावर दिंडीतल्या एका मावशींनी तिचे पाय चेपायला घेतले. त्यांच्या हाताला ओलं लागलं, बॅटरी मारून बघितलं तर रक्त. आईला पत्ताच नव्हता. "दुखलंच नाही रे," एवढंच ती आजही म्हणते.

घरी आल्यावर जवळच्या दवाखान्यात नेलं. दुखतं का, असं विचारलं. आई नाही म्हणाली. पट्टी बांधून घरी पाठवलं. १२ दिवसांनी पाय टम्म सुजला आणि वास यायला लागला. पुढे शहरात दोन शस्त्रक्रिया झाल्या, करंगळीशेजारचं बोट गेलं. जखम भरून यायला साडेचार महिने लागले.

आता चैत्र लागलाय आणि आईने पिशवी काढून ठेवली आहे. मी नाही म्हणालो. बायको म्हणते, आधी पाय नीट तपासून घेऊ, मग ठरवू. घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललेलं नाही. मला सांगा, पाय तपासायचे म्हणजे नक्की काय तपासतात? कुठे जायचं? आणि चप्पल कुठली?

निशिगंध

कृष्णाकाठदादा, मी परिचारिका आहे, पुण्यात. गेली ११ वर्षं मधुमेही पायांच्या ड्रेसिंगचं काम करते. तुमच्या आईंचं "दुखलंच नाही" हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाच वेळा ऐकते.

मधुमेहात वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायाच्या नसा हळूहळू मंद होतात. कुणाला आधी मुंग्या येतात, कुणाला तळपायाची आग होते, रात्री पांघरूणसुद्धा टोचतं. मग ती आग थांबते आणि माणसाला वाटतं, बरं झालं. खरं तर तिथूनच धोका वाढतो. बधिर पाय खडा, काटा, चटका, चपलेचा खिळा यांतलं काहीच सांगत नाही. त्याच नसा घामही सांभाळतात, म्हणून कातडी कोरडी पडते आणि टाचा फुटतात. आणि पायातल्या बारीक स्नायूंची ताकद गेली की बोटं आकड्यासारखी वाकतात, मग चालताना सगळा भार बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांवर येतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे जणू चपलेत कायमचा ठेवलेला खडा. त्याच्याखाली आतल्या आत जखम होते आणि वरून काही दिसत नाही. घट्ट्यात काळपट डाग दिसला तर आत रक्त साकळलंय असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा.

तपासणीला फार यंत्रं लागत नाहीत. नायलॉनचा एक तंतू असतो, मोनोफिलामेंट म्हणतात. तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर १० ग्रॅम भाराला वाकतो. डोळे मिटून तो स्पर्श कळला नाही तर पायाचं संरक्षण गेलं असं धरतात. घट्ट्यावर टेकवत नाहीत, तिथे कुणालाच कळणार नाही. दुसरा, १२८ हर्ट्झचा कंपनकाटा, म्हणजे वाजवला की थरथरणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क), पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवतात आणि कंपन कळतं का ते विचारतात. तिसरं, पायाच्या नाड्या हाताने बघतात आणि घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाचा रक्तपुरवठा कमी आहे. मात्र जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात आणि हाच आकडा खोटा चांगला येतो. तेव्हा नुसता आकडा बघून समाधान मानू नका, डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी, करून घ्या.

कुठे जायचं, तर मोठ्या शहरांत बऱ्याच रुग्णालयांत "डायबेटिक फूट"चा वेगळा बाह्यरुग्ण विभाग असतो, वैद्यकीय महाविद्यालयांत शल्यविभाग हे काम बघतो. आणखी एक स्पष्ट सांगते. ज्याची जखम एकदा होऊन भरली, त्याची वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण १०० मध्ये ४० च्या आसपास आहे. आईंचं तर बोटही गेलंय, म्हणजे उरलेल्या बोटांवर भार वाढलाय. त्यांचा पाय सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात येतो. दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी, वारी असो वा नसो.

टेम्सतीर

निशिगंधताईंनी सगळं नीट सांगितलंय. मी इंग्लंडमध्ये असते. इथे मधुमेह असलेल्या प्रत्येकाला सरकारी आरोग्यसेवेतून वर्षाला एकदा पायांची तपासणी मिळते, आणि पायांवरच शिकलेला, नोंदणी असलेला पोडियाट्रिस्ट हा वेगळा व्यावसायिक असतो. नखं, घट्टे, जखमा, बूट, सगळं तो बघतो. पायाला जखम दिसली की कामाच्या एका दिवसाच्या आत तज्ज्ञांच्या गटाकडे पाठवायचं, असं इथलं मार्गदर्शक तत्त्व सांगतं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत ते पाळलं गेलं, म्हणून त्यांचा पाय राहिला. १२ दिवस पट्टीवर काढावे लागले हे वाचून पोटात गोळा आला.

घरी करता येण्यासारखी एक चाचणी सांगते. इप्सविच नावाच्या गावातल्या रुग्णालयात निघाली, तिला काहीही साहित्य लागत नाही. आईंना डोळे मिटून झोपायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्यांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकावर एक-दोन सेकंद अलगद टेकवा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही. स्पर्श कळला की त्यांनी "डावा" किंवा "उजवा" म्हणायचं. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही तर पाय बधिर होतोय. ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही, पण ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी आज रात्री जेवण झाल्यावर करून बघा.

पानथळ

आमच्याकडे कोकणात लावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, चिखल्या म्हणतो आम्ही. बायांचे पाय बघवत नाहीत. टाचांच्या भेगांना भिरंडेल गरम करून भरतात, कोकमाच्या बियांचं तेल. आणि जुनी माणसं बिब्ब्याचा चटका देतात. आईंच्या भेगांना भिरंडेल चालेल का?

निशिगंध

भिरंडेल चालेल, फक्त गरम करून लावायचं नाही. बधिर पायाला ऊन लागलंय की भाजतंय हे कळत नाही. चोळून हातावर मऊ करा आणि लावा. भेग खोल नसावी, रक्त येत नसावं. मऊपणासाठी युरिया असलेलं मलमही चांगलं, १० टक्क्यांपासून सुरुवात करतात. तेल असो वा मलम, टाचेला आणि तळव्याला लावा, बोटांच्या बेचक्यांत कधीच नाही. तिथे ओल राहिली की चिखल्या झाल्याच. बेचक्या धुऊन मऊ सुती कापडाने एकेक करून टिपायच्या. पांढरेपणा, खाज, कातडी सोलणं दिसलं तर बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून लावा. त्या बेचकीतल्या चिरेतूनच जंतू आत शिरतात आणि पाय गुडघ्यापर्यंत लाल होतो.

बिब्बा मात्र नाही म्हणजे नाही. बिब्ब्याच्या तेलाने चांगली कातडीसुद्धा फोडाफोडांनी उठते. मी बिब्ब्याने भाजलेल्या टाचा ड्रेसिंग केल्या आहेत. तसंच औषधाच्या दुकानात कुरूपावर लावायची कॉर्न कॅप मिळते, तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं. ते कुरूप आणि चांगली कातडी यात फरक करत नाही. मधुमेह असेल तर ती पट्टी घरात आणू नका. ब्लेडने घट्टा तासणं, नराणीने नखांचे कोपरे कोरणं हेही बंद. नखं सरळ कापायची, फार खोल नाही. वज्री जोरात घासायची नाही. पायाला जाणीव असेल त्या माणसाने ओल्या टाचेवर हलक्या हाताने वापरली तर हरकत नाही.

माळवाट

मी यात थोडा वेगळा सूर लावतो. माझे आजोबा आयुष्यभर अनवाणी वारी चालले. आजही कितीतरी माळकरी अनवाणी जातात. तो नेम आहे, देहाचे लाड नव्हेत. आईंना चपला-मोज्यांत गुंडाळून पाठवलंत तर त्यांना ती वारी वाटेल का? पाय माऊलींच्या स्वाधीन करून चालायचं असतं.

निशिगंध

माळवाटकाका, तुमच्या आजोबांना मनापासून नमस्कार. त्यांच्या पायांना जाणीव होती. ऊन लागलं की ते गवतावरून चालायचे, काटा लागला की बसून काढायचे. त्यांचा नेम त्या पायांवर उभा होता. बधिर पायाचा माणूस तापलेल्या डांबरावर उभा राहिला तर फोड येईपर्यंत त्याला कळत नाही. दुपारी देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालून तळवे भाजून आलेली माणसं आम्ही दर उन्हाळ्यात बघतो. आईंनी चप्पल घालून चालणं हाच त्यांचा नेम समजा.

माळवाट

पटलं. माझ्या थोरल्या बहिणीला साखर आहे, ती अनवाणी तुळशीला पाणी घालते. आज ती टेम्सतीर यांची चाचणी करतो.

आरी_दोरा

मी हातकणंगले तालुक्यातला, चप्पल बनवणाऱ्या घरातला. चपलेचं मी सांगतो.

कोल्हापुरी चप्पल आमचा जीव आहे, २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. पण आईंच्या पायाला मी ती घालणार नाही. तळ कडक, अंगठ्याची पट्टी अंगठ्यात रुतते, मागे पट्टा नाही म्हणून चप्पल धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. नवीन असताना ती भल्याभल्यांना चावते. बधिर पायाला ती चावलेली कळणार नाही.

माझे वडील एका कुष्ठरोग रुग्णालयाला चपला शिवून द्यायचे. एमसीआर म्हणायचे त्या रबराला, मायक्रोसेल्युलर रबर. त्याची गोष्ट वडील नेहमी सांगत. पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शल्यविशारद होते, जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तोवर लोक समजत की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी रुग्णांबरोबर राहून बघितलं. कुणी गरम भांडं उचलतोय, कुणी मोडक्या खिळ्यावर चालतोय, रात्री उंदीर बोटं कुरतडून जातोय, आणि वेदना नसल्याने कुणाला काही कळत नाही. रोग मांस खात नव्हता, वेदना गेल्यामुळे माणूस रोज थोडा थोडा जखमी होत होता. म्हणून मग त्यांनी रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या आणि मऊ रबराच्या चपला करायला घेतल्या. पुढे १९६६ ला ते अमेरिकेत गेले, आणि तिथे हेच ज्ञान मधुमेहाच्या पायांसाठी वापरलं गेलं. आमच्या देशातल्या कुष्ठरोग्यांच्या पायांनी जगाला हे शिकवलं, असं वडील म्हणायचे. म्हणताना त्यांचा गळा दाटून यायचा.

तर चप्पल अशी हवी. वरचा थर एमसीआरचा, अंगठ्याने दाबला तर दबेल आणि सोडला की परत उठेल असा. खालचा तळ मात्र जाड आणि टणक, काटा आरपार न जाणारा. गेल्या वर्षी आईंना काटा लागला तो पातळ स्पंजच्या तळामुळे, हे मी न बघता सांगतो. मऊ वर, टणक खाली, दोन्ही लागतं. खिळा एकही नको, सगळं चिकटवून आणि शिवून. पुढे पट्टे रुंद, सैल-घट्ट करता येतील असे, कारण चालून चालून पाय सुजतो. टाचेमागे पट्टा पाहिजेच. अंगठ्यात पट्टी नको. माप संध्याकाळी घ्यायचं, उभं राहून, कागदावर पाय ठेवून पेन्सिलने आखून. दोन्ही पायांचं वेगळं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. गेलेल्या बोटाच्या जागी पोकळी राहिली तर शेजारची बोटं तिकडे सरकतात, तिथे मऊ भरणी करून घ्या. आणि नवीन चप्पल घालून आळंदीला जायचं नाही. पहिल्या दिवशी घरात अर्धा तास, काढून पाय बघायचा, लाल डाग दिसला आणि २० मिनिटांत गेला नाही तर चप्पल परत कारागिराकडे.

सावळाघाट

जरा वेगळं विचारते. मला मधुमेह नाही, पण सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेतून कळ येते, चार पावलांनी कमी होते. मलाही यंदा चालायचंय.

निशिगंध

सावळाघाटताई, तळव्याखालच्या पट्ट्याला सूज आली असेल, टाचदुखीचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच. पलंगावरून उतरायच्या आधी टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढून ताण द्या, पोटऱ्यांचे व्यायाम करा, घरात टणक फरशीवर अनवाणी चालू नका. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांना बरं वाटतं. चालायचं अंतर एकदम वाढवू नका. जास्त माहितीसाठी वेगळा धागा काढा, मी येईन.

वऱ्हाडी_वारा

आमच्या नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी या विषयात फार काम केलंय. टांझानियाच्या डॉ. अब्बास यांच्यासोबत 'स्टेप बाय स्टेप' नावाचा कार्यक्रम त्यांनी उभा केला, डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोड्यांना पाय तपासायला आणि वाचवायला शिकवायचं. म्हणजे गावाकडच्या डॉक्टरला हे शिकवता येतं, महागडं काही लागत नाही. पट्टी बांधून परत पाठवणारा दवाखाना हा काही नशिबाचा भाग नाही. कृष्णाकाठभाऊ, त्या डॉक्टरांना जाऊन सांगा काय झालं ते. रागाने नको, पण सांगा. पुढच्या माणसाचा पाय वाचेल.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल तपासणी झाली.

तंतूचा स्पर्श उजव्या पायाला कुठेच कळला नाही, डाव्याला फक्त टाचेजवळच्या बाजूला. कंपन दोन्ही अंगठ्यांवर नाही. मी शेजारी बसलो होतो. डॉक्टर विचारत होते, "आता?" आणि आई डोळे मिटून वाट बघत होती, तंतू तर केव्हाचा टेकला होता. मला तिथे बसवेना. रक्तपुरवठा चांगला आहे, तेवढी देवाची कृपा. उजव्या पायाच्या चवड्याखाली घट्टा होता, तो त्यांनी तिथेच तासला. खाली जखम नव्हती.

पूर्ण पायी वारी नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आई रडली. मग ती म्हणाली, "घरात बसून बरा राहिलेला पाय काय करू?" डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. शेवटी असं ठरलं. दिंडीच्या गाडीतून जायचं. सकाळच्या पहिल्या विसाव्यापर्यंत, तेही एक-दोन किलोमीटरच, सपाट रस्ता असेल तिथे चालायचं. पुणे ते सासवड या मोठ्या टप्प्यात आणि दिवे घाटात अजिबात नाही. लाल डाग दिसला की दुसऱ्या दिवशी गाडीतच. मी रजा काढून बरोबर जातोय. चप्पल आरी_दोरा दादांनी सांगितली तशी करून घेतली, गेले दीड महिना ती घरात घालतेय.

निशिगंध

दादा, चांगला निर्णय. बरोबर जाताय तर एवढं करा. सकाळी चप्पल घालण्याआधी हात आत घालून चाचपून बघा, उलटी करून तळ बघा. दुपारी विसाव्याला आणि रात्री, दोन्ही वेळा पाय बघा, तळव्यासाठी छोटा आरसा ठेवा. हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर गाडीत बसवून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. पाय गरम, लाल, सुजलेला पण न दुखणारा असेल तर आत हाड मोडत असण्याचीही शक्यता असते, मुरगळला असेल म्हणून चोळत बसू नका. मोजे पांढरे सुती घ्या, रक्त-पू लगेच दिसतो. शिवण आत येत असेल तर उलटे घाला. पावसात भिजले की बदला, म्हणून रोजचे तीन जोड.

वाटेत लोक प्रेमाने गरम पाण्याचं घमेलं पुढे करतात, पाय शेकायला. हात जोडून नाही म्हणा. धुवायचं पाणीही तुमच्या कोपराने बघून मग घ्या. पाय चेपून द्यायला कुणी आलं तर चेपू द्या, पण आधी तुम्ही बघा. आणि रात्री तंबूत मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून झोपवा. उंदरांचं आरी_दोरा दादांनी लिहिलंय ते आजही होतं, मी बघितलंय.

आरी_दोरा

वाटेवर चपला शिवून देणारे आमचे बांधव बसलेले असतात. घाईत कुणी खिळा ठोकला तर आधी सांगा, "खिळा नको, दोऱ्याने शिवा." ऐकतील.

कृष्णाकाठ

वाल्ह्याहून लिहितोय, नेटवर्क मधूनच येतंय. आतापर्यंत पाय कोरडे, डाग नाही. जेजुरीला दुपारी फरशी तापली होती, आई चप्पल काढायला वाकली आणि स्वतःच थांबली. रात्री मी तिचे पाय बघतो तेव्हा दिंडीतल्या आणखी दोघी येऊन शेजारी पाय पसरून बसतात, बघ रे बाबा आमचेही. त्यातल्या एका काकूंच्या टाचेला काच होती. बारीक, हिरवी. त्यांनाही कळलं नव्हतं, साखर आहे का, हेही त्यांनी कधी तपासलेलं नव्हतं. काच मी काढली नाही, वैद्यकीय पथकाच्या गाडीकडे घेऊन गेलो. त्यांनी काढली, जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि बोटातून रक्त घेऊन साखर बघितली. ३१२ निघाली.

उद्या नीरा. माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात तेव्हा आईला नदीत उतरायचंय. मी नाही म्हणतोय. निशिगंधताई, काय करू?

निशिगंध

चवड्याखाली कातडी कुठे फाटलेली नाही ना, ते आधी बघा. चीर असेल तर काठावरूनच ओंजळ भरून डोक्यावर घ्यायला सांगा, नदीचं पाणी जखमेला नको. चीर नसेल तर उतरू द्या, पट्ट्याची जुनी चप्पल पायात ठेवून, गोटे निसरडे असतात, तुम्ही हात धरा. बाहेर आल्यावर लगेच चांगल्या पाण्याने धुवा आणि बेचक्या एकेक करून टिपा. ओली चप्पल पिशवीत, कोरडी पायात.

कृष्णाकाठ

चीर नाही. दोनदा बघितलं, बॅटरी लावून. जुनी चप्पल काढून ठेवतोय.